दंडावरचा पट्टा आणि त्यातली अँटेना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून वही सुरू. करायचं काय आहे ते आधी लिहून ठेवते.

गेल्या मे महिन्यात, इथे सोलापुरात अण्णा ज्या यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत तिथे, पलीकडच्या मागावरचे काका चक्कर येऊन खाली बसले आणि तसेच आडवे झाले. भर दुपार, वर पत्रा, सगळे माग चालू. त्यांनी हाक मारली होती. पण यंत्रमागाच्या खडखडाटात चार हातांवरची हाक ऐकू येत नाही. कांडी घेऊन आलेल्या मावशींना ते दिसले, म्हणून वेळेवर बाहेर आणता आलं. काका आता बरे आहेत, पण मला ती दुपार विसरता येत नाही.

म्हणून दंडाला बांधायचा पट्टा. त्यात एक बटण, माणूस पडला की ओळखणारा सेन्सर, त्वचेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि २.४ गिगाहर्ट्झचं ब्लूटूथ मॉड्यूल. मालकांच्या टेबलावर रिसीव्हर, दिवा आणि भोंगा.

कॉलेजच्या व्हरांड्यात पहिली चाचणी केली. मॉड्यूल प्लास्टिकच्या स्टुलावर, रिसीव्हर ३० मीटरवर. सिग्नल उणे ७५ डीबीएम (शक्तीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल दुबळा), एकही पॅकेट, म्हणजे मॉड्यूलने पाठवलेला छोटा संदेश, गळालं नाही. मग तेच मॉड्यूल माझ्या दंडाला बांधलं. रिसीव्हरकडे तोंड करून उभी राहिले तर उणे ८९. पाठ फिरवली आणि बहुतेक पॅकेट गायब.

मॉड्यूल तेच, बॅटरी तीच, अंतर तेवढंच. मध्ये आले ती फक्त मी.

११ जानेवारी

मॉड्यूलची छापील अँटेना ट्रॅक कापून वेगळी केली, तिला बारीक कोॲक्स केबल जोडली आणि नॅनोव्हीएनएवर लावली. अँटेनाला दिलेल्या शक्तीतली किती परत येते याचा फ्रिक्वेन्सीनुसार आलेख हे छोटं यंत्र काढतं; आलेख जिथे खाली उतरतो ती फ्रिक्वेन्सी अँटेना स्वीकारते. प्रयोगशाळेतल्या जुन्या नॅनोव्हीएनएची झेप १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच, तो इथे कामाचा नाही. ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी दुसरी आवृत्ती सीनियर्सकडून आणली. ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करून घेतलं.

हवेत धरल्यावर आलेख २.४५ वर खाली उतरतो, उणे १७ डीबीपर्यंत. दंड जवळ नेत गेले तसा तो खळगा डावीकडे सरकत गेला. त्वचेला टेकली तेव्हा २.२५ च्या आसपास, आणि आधीपेक्षा पसरट. आपण हवेसाठी ट्यून केलेली अँटेना हाताजवळ येताच दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीची होऊन बसते. सतार जुळवून ठेवावी आणि कुणी तारेवर ओला बोळा ठेवावा, तसं.

यात एक घोळ होता. अँटेना दंडापासून लांब ठेवून नुसती केबल बोटांनी चिमटीत धरली तरी आलेख हलत होता. एवढ्या छोट्या अँटेनाचा करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही वाहतो, म्हणजे केबलच अँटेनाचा भाग होते. केबलवर फेराइटचे मणी (जाळीवरचा करंट अडवणारे) ओवल्यावर हे बरंच कमी झालं. सकाळची सगळी रीडिंग खोडून पुन्हा घेतली.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. काम बंद.

१९ जानेवारी

आज वाचन आणि गणित. शरीराच्या ऊतींचे विद्युत गुणधर्म १९९६ साली कॅमेलिया गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी मोजून प्रसिद्ध केले. तेच आकडे आजही बहुतेक जण वापरतात. २.४५ गिगाहर्ट्झला स्नायूंचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हा जितका मोठा तितकी त्या पदार्थात तरंगलांबी आखूड) सुमारे ५३, कोरड्या त्वचेचा ३८, चरबीचा जेमतेम ५. हवेचा १. स्नायूंची वाहकता मीटरला १.७ सीमेन्सच्या आसपास, चरबीची ०.१. फरक पाण्याचा आहे: स्नायू पाण्याने भरलेले, चरबीत पाणी थोडं.

म्हणजे हवेत १२.२ सेंटीमीटर असलेली तरंगलांबी स्नायूत शिरल्यावर पावणेदोन सेंटीमीटरवर येते. अँटेनाच्या अगदी शेजारी असं काही आलं की तिची विद्युत लांबी वाढते आणि फ्रिक्वेन्सी खाली घसरते. ११ तारखेचा खळगा का सरकला त्याचं उत्तर हे.

दुसरं उत्तर शोषणाचं. स्नायूत दर २.२ सेंटीमीटरला लहर ८.७ डीबीने दुबळी होते, म्हणजे शक्तीचा सातवा हिस्सा उरतो. माझा दंड साधारण ९ सेंटीमीटर जाड, आरपार जायचं तर ३५ डीबी गेले. धडातून आरपार जाण्याचा तर प्रश्नच नाही. आजवर मी समजत होते की सिग्नल माणसातून थोडा कमी होऊन पलीकडे निघतो. तो निघत नाहीच. पाठीमागे जे काही पोचतं ते अंगावरून सरपटत वळसा घालून, नाहीतर भिंतीवर आपटून. पुढच्या सगळ्या कामाचा विचार यामुळे बदलला.

२० जानेवारी

प्रकल्पातली जोडीदारीण म्हणाली, "पॉवर वाढवू ना, ० चे ४ डीबीएम करू." आईला वेगळीच काळजी: "अंगाला चिकटलेलं रेडिएशन दिवसभर, काही होत नाही ना गं?"

दोघींना एकच उत्तर लागू पडतं. आपल्याकडे मोबाइलसाठी एसएआरची (ऊतीत जिरणाऱ्या शक्तीच्या मापाची) मर्यादा १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोला १.६ वॅट आहे. आपलं मॉड्यूल ० डीबीएमवर १ मिलीवॅट सोडतं. तो सगळाच्या सगळा एकाच ग्रॅममध्ये जिरला असं धरलं, जे होत नाही, तरी किलोला १ वॅट होतो. शिवाय ते सेकंदातून काही मिलीसेकंदच बोलतं. ४ डीबीएम म्हणजे अडीच मिलीवॅट, आणि ते सतत बोलत राहिलं तर हा सोपा हिशोब हातातून जातो. वाढवलेल्या शक्तीतला मोठा वाटा दंडातच जिरणार, वर बॅटरी लवकर संपणार. पॉवर वाढवायची नाही, असं ठरलं. जे हरवतंय ते अँटेनातून परत मिळवायचं.

२७ जानेवारी

चूक सापडली, आणि ती मोठी आहे.

दोन दिवस मी अँटेना त्वचेला टेकवून तिची लांबी थोडी थोडी कापत होते. खळगा पुन्हा २.४५ वर आला, उणे २४ डीबी, हवेपेक्षाही खोल. फार आनंद झाला. मग १० मीटरवर सिग्नल मोजला, तर जेमतेम दोन-तीन डीबी सुधारणा.

मॅडमनी काही न बोलता कॅलिब्रेशनच्या डबीतला ५० ओहमचा लोड नॅनोव्हीएनएला लावला. नखाएवढा पितळी तुकडा, आलेली शक्ती नुसती जिरवणारा. उणे ४० च्या खाली सपाट रेघ, सगळ्या फ्रिक्वेन्सींना. "ही तुझ्यापेक्षा चांगली अँटेना झाली मग?" त्यांनी विचारलं.

आलेखातला हा आकडा, रिटर्न लॉस, एवढंच सांगतो की शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की हातात जिरली हे तो सांगत नाही. अंगाजवळच्या अँटेनाचा आलेख पसरट आणि देखणा दिसायला लागला की उलट संशय घ्यायला हवा. यापुढे प्रत्येक बदलानंतर १० मीटरवरचा सिग्नल मोजायचाच. एक रीडिंग नाही, २०० पॅकेटचा मध्यक, कारण श्वास घेतला तरी आकडा हलतो.

१ फेब्रुवारी

अंतराचा प्रयोग. अँटेना आणि त्वचा यांच्यामध्ये अण्णांच्या मागावरच्या टेरी टॉवेलच्या घड्या घालत गेले. १० मीटर, रिसीव्हरकडे तोंड. स्टुलावर उणे ६४, त्वचेला टेकून उणे ७८. एक पदर, पट्टा आवळल्यावर साधारण २ मिलिमीटर: उणे ७४. दोन पदर: उणे ७१. चार पदर, ९ मिलिमीटर: उणे ६७.

पहिल्या चार मिलिमीटरमध्येच सात डीबी परत मिळाले. पण टॉवेलचे फासे दाबले की चपटे होतात. पट्टा सैल बांधला की एक आकडा, घट्ट बांधला की दुसरा. कामाच्या पाळीत पट्टा सैल-घट्ट होतच राहणार. ९ मिलिमीटरचा उंचवटा दंडावर घेऊन मागावर वाकता येत नाही, हेही अण्णांनी लगेच सांगितलं. नुसत्या अंतरावर भागणार नाही. अँटेनाची पाठ झाकायला हवी.

८ फेब्रुवारी

पाठ झाकलेली अँटेना म्हणजे पॅच. मागे ग्राउंड प्लेन, म्हणजे वीज वाहणारा सलग थर, मध्ये साधं कापड, वर वीज वाहणारा चौकोन. ग्राउंड प्लेनमुळे दंड तिला फारसा दिसत नाही.

सोलापुरात कापडाला काय तोटा, पण वीज वाहणारं कापड मिळेना. अक्काच्या नव्या साडीच्या काठाचा तुकडा होता, जरीचा. मल्टिमीटर लावला तर काहीच नाही. आजच्या बहुतेक जरीत प्लास्टिकच्या फितीवर धातूचा पातळ मुलामा आणि वर लाखेचा थर असतो, करंटला धरायला जागाच नाही. आजीच्या इरकलीच्या जुन्या जरीवर बीप वाजला, पण धाग्याच्या दिशेनेच. धाग्याहून धाग्यावर जाताना तुटक. पॅचला दोन्ही दिशांनी सलग पृष्ठभाग लागतो. साडी घडी करून परत ठेवली.

शेवटी तांबं-निकेलचा मुलामा असलेलं पॉलिएस्टर कापड मागवलं. पहिल्या विक्रेत्याने पाठवलेलं एकाच बाजूने वाहक निघालं, आठवडा गेला. दुसरं व्यवस्थित आलं.

१६ फेब्रुवारी

पॅच तयार. ३ मिलिमीटर पॉलिएस्टर फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड), वर ५० मिलिमीटरच्या आसपास चौकोन, खाली ८० मिलिमीटरचं ग्राउंड प्लेन. कात्रीने अर्धा अर्धा मिलिमीटर कापत २.४४ वर आणला. हवेतून दंडावर नेला तर खळगा फक्त ८-१० मेगाहर्ट्झ हलला. आधी २०० हलत होता! १० मीटरवर उणे ६१, म्हणजे दंडावर असूनही स्टुलावरच्या छापील अँटेनापेक्षा ३ डीबी वर. पॅच आपली शक्ती सगळीकडे न उधळता अंगापासून बाहेरच्या दिशेने फेकतो, त्याचा हा फायदा.

पॅच ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतो ती पट्टी अरुंद आहे, हे लक्षात ठेवायचं. आपला इशारा ब्लूटूथच्या ज्या तीन चॅनलवरून जातो ते २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. पॅच थोडा खाली घसरला तर पहिला फटका २४८० ला. तिन्ही चॅनलची पॅकेट वेगवेगळी मोजायला सुरुवात केली. घसरण यातून लगेच कळते, नॅनोव्हीएनए न लावता.

दंडाभोवती वळवल्यावरही खळगा सरकतो. ज्या दिशेने करंट वाहतो ती बाजू दंडाच्या लांबीला समांतर ठेवली की पॅच फक्त आडवा वाकतो आणि सरकणं कमी होतं. फेल्टवर पेनने बाण काढून ठेवला.

२३ फेब्रुवारी

घाम.

आधी मी हट्टाने टॉवेलच्या कापडावरही एक पॅच केला होता. आपल्या गावचं कापड वापरता आलं तर मला हवंच होतं. कोरड्या दिवशी तो छान चालला. पण सुती धागा नेहमीच्या हवेतही आपल्या वजनाच्या ८.५ टक्के ओल धरून असतो. पॉलिएस्टरची हीच ओल ०.४ टक्के. लिटरला ९ ग्रॅम मीठ घालून पाणी केलं, फवारणीने टॉवेल दमट केला, हाताला ओला लागणार नाही इतपतच. खळगा २.४५ वरून २.२७ ला गेला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ७८ च्या घरात, थोडंसं पाणीही पुरतं. ग्राउंड प्लेनने दंडाला बाहेर ठेवलं, पण घामाच्या रूपाने शरीर अँटेनाच्या आत येऊन बसलं.

फेल्टही पूर्ण सुटला नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटींत पाणी मावतं. म्हणून फेल्टचा पॅच रेनकोटच्या कापडात घालून कडा गरम इस्त्रीने बंद केल्या. अर्धा तास मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्यात गुंडाळला आणि पुसला. खळगा जागेवर.

टॉवेल पट्ट्याच्या आतल्या बाजूला, त्वचेकडे, घाम टिपायला वापरायचा. तिथे त्याचं काम त्याच्याइतकं कुणी करणार नाही.

८ मार्च

अक्कलकोट रोडला मामांच्या रानात. ज्वारी काढून झालेली, चहूकडे मोकळं, भिंत नाही, झाड लांब. शरीराची सावली, म्हणजे अंग आड आल्यावर सिग्नल किती घटतो ते, मोजायला याहून चांगली जागा नाही. मामा अंगाने भरलेले, अण्णा काटक. दोघांच्या दंडाला पट्टा बांधून १० मीटरवर गोल फिरायला लावलं.

"काय बे पोरी, मला बैलासारखं फिरवालीस," मामा म्हणाले, पण अर्धा तास फिरले.

तोंड रिसीव्हरकडे: दोघांचंही उणे ६२-६३. पाठ: अण्णा उणे ८८, मामा उणे ९१. सावली पंचवीस-अठ्ठावीस डीबीची. मोकळ्या जागेत २० डीबी गेले की पल्ला दहाव्या हिश्शावर येतो, म्हणजे ही सावली चांगल्यातला चांगला पॅचही पुसू शकत नाही. माणसामाणसातला फरक मला वाटला होता त्यापेक्षा फार कमी निघाला. पट्टा दंडाच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, यानेच जास्त फरक पडतो.

कारखान्यात काय होणार या विचाराने परत येताना धास्ती वाटत होती.

१५ मार्च

कारखाना, चालू पाळी. मालकांनी परवानगी दिली, मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबर काकांनी खांबावर रिसीव्हर बांधून दिला.

धास्ती खोटी ठरली. १० मीटरवर समोरून उणे ६४, पाठ करून उणे ७६. सावली फक्त १२ डीबी! लोखंडी माग, वर जाकार्डचे सांगाडे, पत्र्याचं छत: सगळीकडून लहर आपटते आणि माणसाच्या मागच्या अंधारात शिरते. ज्या लोखंडाची मला भीती होती तेच मदतीला आलं.

पण याची दुसरी बाजूही आहे. आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारून टाकतात. अण्णा धोट्याशी वाकले, दंड जेमतेम ६ सेंटीमीटर सरकला, आणि उणे ७० चे उणे ८६ झाले. पुन्हा सरळ झाले, उणे ७१. मध्यक चांगला असला तरी अशा एखाद्या खड्ड्यात माणूस निपचित पडला तर पट्टाही त्याच्याबरोबर तिथेच थांबणार. म्हणून दोन रिसीव्हर, समोरासमोरच्या भिंतींवर. एकाच्या खड्ड्याच्या जागी दुसऱ्याचाही खड्डा असणं क्वचितच घडतं.

एक गोष्ट प्रयोगशाळेत कधी सुचली नसती. एका काकांच्या दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत आहे, तांब्याची नळी, बोटाच्या पेराएवढी. पट्टा त्यावर आला तर नळी ग्राउंड प्लेनच्या मागे जाते आणि काही बिघडत नाही. पण शेजारी सरकून पॅचच्या कडेला आली की २४८० ची पॅकेट गळू लागतात. ताईत काढायला सांगणं मला पटलं नाही. पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला.

५ एप्रिल

अण्णांनी पूर्ण पाळी पट्टा घातला. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आत त्याहून जास्त. दर २ सेकंदाला एक पॅकेट.

किती टक्के पोचली हे मी आता पहिलं बघत नाही. सगळ्यात लांब शांतता किती, ते बघते, कारण माणूस पडला असेल तर तेवढा वेळ कुणाला कळणार नाही. एकट्या दारातल्या रिसीव्हरची सर्वांत लांब शांतता ३८ सेकंद. दोन्ही मिळून ६ सेकंद.

अपवाद एक, आणि तो गंभीर. दुपारी जेवणानंतर सलग १७ मिनिटं दोन्ही रिसीव्हर जवळजवळ मुके. मी धावत गेले. अण्णा मागावर उभे, नीट. घामाने खाज सुटली म्हणून त्यांनी पट्टा सोडून पुसला होता आणि परत बांधताना उलटा बांधला होता. पॅच त्वचेकडे, ग्राउंड प्लेन बाहेर. सगळी शक्ती दंडात.

"मला काय कळणार कुठली बाजू कुठं," अण्णा म्हणाले. बरोबर आहे. दोन्ही बाजू काळ्याच होत्या, दोष माझ्या शिवणकामाचा.

७ एप्रिल

आतल्या बाजूला पांढरा टॉवेल जाड शिवला, बाहेरच्या बाजूला लाल कापड. बटण लाल बाजूलाच आणि उंच, म्हणजे अंधारातही बोटाला कळेल. शिवाय ३० सेकंद एकही पॅकेट आलं नाही तर भोंग्याआधी पिवळा दिवा लागेल, असा बदल केला. अण्णांना डोळे मिटून पाच वेळा बांधायला दिला. पाचही वेळा सरळ.

कांडीवर बसणाऱ्या मावशींनी विचारलं, आम्हाला का नाही. त्यांचे दंड बारीक, माझं ८० मिलिमीटरचं ग्राउंड प्लेन बराच वळसा घालतं आणि पॅच फार वाकतो. ६५ चं करून बघायचं, आणि त्यांच्या दंडावर मोजल्याशिवाय ठरवायचं नाही. उद्या फेल्ट आणि इलॅस्टिक आणायचं. मावशी म्हणाल्या आहेत, चार वाजता कांड्या संपतात, तेव्हा ये.